‘बाल्टो’ : शेवटच्या टप्प्यावरचं कुत्रं

सगळ्यात आधी आईबापांना एक सूचना, कारण पुढचं सगळं वाचायला कोणाला वेळ असतो, कोणाला नसतो. बर्फातून औषधाची गाडी ओढणाऱ्या कुत्र्यांचा हा चित्रपट पोरांना दाखवाल तर पुढचे चार दिवस गल्लीतल्या कुत्र्यांवर लक्ष ठेवा. आमच्याकडे दुसऱ्याच दिवशी सकाळी तीन पोट्ट्यांनी तान्ह्या पोळ्याचा लाकडी बैल माळ्यावरून खाली काढला, त्याला सुतळी बांधली आणि सुतळीचं दुसरं टोक दारातल्या पिवळ्या कुत्रीच्या गळ्यात अडकवलं. बैलाच्या पाठीवर माझी जुनी इंजेक्शनची डबी. म्हणजे ते औषध. कुत्री आधी खाली बसली, मग आडवी झाली, आणि तिसऱ्यांदा ओढल्यावर तिने माझ्या धाकट्या नातवाच्या मनगटाला दात लावला. 15 मिनिटं वाहत्या पाण्याखाली साबणाने हात धुतला आणि तसंच त्याला प्राथमिक आरोग्य केंद्रात नेलं. आज एक इंजेक्शन, मग तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी. चित्रपटाच्या भाड्यात या चार फेऱ्यांचं पेट्रोल धरा, म्हणजे खरी किंमत कळेल.

एवढं होऊनही मी त्याला वाईट म्हणणार नाही. दोनदा पाहिला. दुसऱ्यांदा एकटीने, दुपारी, सगळे शेतात गेल्यावर.

मी सरकारी आरोग्य सेविका होते. आमच्याकडे नर्सबाई म्हणतात. 31 वर्षं नोकरी, त्यातली 22 मेळघाटात, धारणी तालुक्यात. काम पुष्कळ प्रकारचं असे, पण आठवतो तो डबा. चौकोनी, जाड भिंतींचा, आत चार बाजूंना चार आईसपॅक, मधे लसीच्या बाटल्या, खांद्याला पट्टा. त्या पट्ट्याचा वळ डाव्या खांद्यावर अजून आहे. तेव्हा ‘लहान पोरांचं औषध घेऊन बर्फातून धावणाऱ्या कुत्र्यांचं कार्टून आहे’ असं नातीने सांगितल्यावर मी निवडायला घेतलेली मेथी तशीच बाजूला ठेवली. माझ्या धंद्यावर कोणी कार्टून काढेल असं मला जन्मात वाटलं नव्हतं.

चित्रपट जुना आहे, 1995 चा. दिग्दर्शक सायमन वेल्स, आणि मागे उभा स्टीव्हन स्पीलबर्ग, म्हणजे त्याच्याच लंडनमधल्या कार्टून स्टुडिओत तो तयार झाला. सव्वा तासाच्या आसपास लांबी. हाताने काढलेली चित्रं आहेत. तो थिएटरात लागायच्या महिनाभर आधीच संपूर्ण संगणकावर बनलेला पहिला मोठा चित्रपट येऊन गेला होता आणि सगळी गर्दी तिकडे वळली, म्हणून हा तेव्हा आपटला. पुढे घराघरांत टीव्हीवर पाहिला गेला. पुण्याच्या मुलाने त्याच्या खात्यावर भाड्याने घेऊन दिला. इंग्रजीत आहे. माझं इंग्रजी औषधांच्या नावापुरतं.

कोजागिरीला दाखवायचं ठरलं. पोरं जागीच असतात, दूध आटेपर्यंत त्यांना गुंतवायला काहीतरी लागतंच. डीजेवाल्या पोट्ट्याकडून प्रोजेक्टर आणला, अंगणात चादर ताणली, आणि मग लक्षात आलं की कोजागिरीच्या चांदण्यात चादरीवर काही म्हणजे काही दिसत नाही. इतकं साधं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं. शेवटी कापसाच्या खोलीत भिंतीवर लावला. पहिल्या वेचणीचा कापूस आला होता, कमरेएवढा ढीग. सतरा पोरं त्या ढिगावर चढून बसली. समोर भिंतीवर अलास्काचा बर्फ, खाली पांढराफेक कापूस. आमचे हे दारातून ओरडत होते, ‘‘उतरा बे खाली, तुडवलेल्या कापसाले भाव कोण देईन?’’ कोणी उतरलं नाही.

भाषांतराचं काम नातीकडे. आठवीत आहे, परतवाड्याला शाळेत जाते. तिने ते काम असं अंगावर घेतलं की मूळ चित्रपटापेक्षा तिचाच जास्त ऐकू येत होता. बोरिस नावाचा एक हंस आहे, रशियन माणसाच्या ढंगात इंग्रजी बोलतो. तिने त्याला परस्पर अमरावती एसटीचा कंडक्टर करून टाकलं. ‘‘पुढं सरका न भाऊ, मागं जागा हाय’’ अशा सुरात तो बाल्टोला जगण्याचे धडे देत होता. मला वाटतं त्या हंसाला असाच आवाज शोभतो.

गोष्ट थोडक्यात अशी. नोम नावाचं अलास्काच्या पार टोकावरचं गाव. हिवाळ्यात समुद्र गोठतो, बोट येत नाही, रस्ता नाही. तिथे बाल्टो नावाचं कुत्रं राहतं, अर्धं लांडगा, म्हणून गावाने त्याला वाळीत टाकलेलं. राहतं एका मोडक्या बोटीत, सोबत तो हंस आणि पाण्याला घाबरणारी दोन पांढरी अस्वलं. गावातल्या मुलांना घटसर्प होतो, त्यात रोझी नावाची मुलगीही. बाल्टोला आवडणारी जेना ही तिची कुत्री. औषध आणायला गेलेल्या गाडीच्या पुढे स्टील नावाचं गर्विष्ठ कुत्रं जुंपलेलं आहे. ते वाट चुकतं, गाडीवान डोक्याला मार लागून बेशुद्ध होतो, आणि बाल्टो शोधायला निघतो. बाकीचं तुम्ही ओळखलंच.

‘घटसर्प’ म्हटल्याबरोबर मागे बसलेले आमचे सालदार भाऊ दचकले. ‘‘घटसर्प त बैलाले होते. पोट्ट्यायले कसा झाला?’’ त्यांची चूक नाही. आमच्याकडे घटसर्प म्हणजे पावसाळ्याआधी गुरांना टोचतात तो. दोन वेगळे रोग, नाव एक, कारण दोन्हींत गळा आवळतो. माणसांच्या घटसर्पात घशात राखाडी पडदा धरतो, मान बैलासारखी सुजते, आणि लहान पोर श्वासाविना जातं. आताच्या आयांना तो माहीत नाही. दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने असे बाळाचे डोस होतात, पुढे दीड वर्षाच्या आसपास आणि पाच वर्षांनंतर बूस्टर, त्यामुळे तो नजरेआड गेला. चित्रपटात मुलं खोकतात, बिछान्याला खिळतात, एवढंच. पडदा दाखवत नाहीत. बरं केलं. पण सुतार रात्री लहान लहान पेट्या बनवतोय आणि त्याच्या खिडकीतून उजेड येतोय हे मात्र दाखवलंय, आणि तिथे माझ्याजवळ बसलेली सून उठून बाहेर गेली. पोरांना त्या पेट्या कशाच्या ते कळलं नाही.

आणखी एक, हे माझ्या धंद्याचं आहे म्हणून सांगते. पोरं पूर्णवेळ ‘लस, लस’ करत होती. ती लस नव्हती. लस निरोग्याला देतात. इथे नेत होते ते आजाऱ्याच्या अंगातलं विष मारणारं प्रतिविष, घोड्याच्या रक्तातून काढलेलं. घोड्याला थोडं थोडं विष टोचून त्याचं रक्त तयार करतात आणि त्याचा सिरम काढतात. हा उपाय शोधणाऱ्या एमिल फॉन बेहरिंगला 1901 साली वैद्यकाचं पहिलंवहिलं नोबेल मिळालं. घोड्याने दिलं, कुत्र्यांनी ओढलं. घोड्याचं नाव अख्ख्या चित्रपटात कोणी घेत नाही.

चित्रं मात्र काय सुंदर आहेत! बर्फ म्हणजे नुसता पांढरा नाही. संध्याकाळी तो जांभळा होतो, रात्री निळा, वादळात राखेसारखा. बाल्टो जेनाला एका फरशीखालच्या अंधाऱ्या जागेत नेतो आणि फुटक्या बाटल्यांच्या काचांतून उजेड पाडून आकाशातले उत्तर ध्रुवाकडचे रंगीत झोत दाखवतो. रंगीत काचा म्हणजे गावाने फेकून दिलेल्या बाटल्या, आणि हे फेकून दिलेलं कुत्रं. कोणी तोंडाने सांगत नाही, पण कळतं. सतरा पोरं त्या वेळी गप्प होती, आणि सतरा पोरं एका खोलीत गप्प बसलेली मी फक्त लसीकरणाच्या दिवशी सुई दिसल्यावर पाहिली आहेत. संगीत जेम्स हॉर्नरचं आहे, दोन वर्षांनी ‘टायटॅनिक’ला संगीत दिलं तोच. कुत्री धावायला लागली की ढोल आणि तुताऱ्या अशा उठतात की आमचे सालदार भाऊ कापसावर मांडी थोपटायला लागले.

अस्वलाच्या जागी मात्र मी वैतागले. मधेच एक प्रचंड काळं अस्वल येऊन बाल्टोवर तुटून पडतं. महिना जानेवारी. तिथली असली अस्वलं जानेवारीत बिळात झोपलेली असतात, हे मला माहीत आहे आणि लंडनच्या चित्रकारांना माहीत नाही? न झोपणारं अस्वल आमच्या मेळघाटात असतं. मोह पडायला लागला की पहाटे टोपली घेऊन बाया झाडाखाली जातात, आणि अस्वलही तिथेच आलेलं असतं, मोह खायला. वाघाचं नाव मोठं, पण मोह वेचणारी बाई अस्वलाला भिते. चेहऱ्यावरच हात टाकतं. तशा दोन बायकांचं ड्रेसिंग मी केलं आहे. त्यामुळे पडद्यावर अस्वल आलं तेव्हा पोरं टाळ्या पिटत होती आणि मला त्या टाक्यांचा वास आला. पुढे ते बर्फ फुटून तळ्यात बुडतं, आणि बाल्टोला काढायला ती दोन पांढरी अस्वलं पाण्यात उडी घेतात. तो प्रसंग गोड आहे. पण गोड करायला एवढं मोठं जनावर झोपेतून उठवायचं म्हणजे जरा जास्तच.

तासाभराने बाल्टो कड्यावरून कोसळला, औषधाची पेटी त्याच्याबरोबर खाली, आणि नेमकी लाईन गेली.

आमच्याकडे लाईन जायला मुहूर्त लागत नाही, पण हा तिने निवडून काढला होता. अंधार. पोरांचा कालवा. ‘‘मेला का वं आजी?’’ ‘‘पेटी फुटली का?’’ दूध आतून आणून पेल्यांत ओतलं, तरी कोणाचं लक्ष नाही. मग त्यातलं एक पोर म्हणालं, ‘‘आजी, तुया डबा कधी पडला का वं?’’

पडला नाही, पण एकदा गोठला होता. ते त्या अंधारात सांगितलं, इथेही सांगते. नोकरीतली सुरुवातीची वर्षं. मे महिना. पहाटे केंद्रात पोचले, घाई होती, डीप फ्रीजरमधून आईसपॅक काढले आणि तडक डब्यात घातले. तसं करायचं नसतं. आईसपॅक बाहेर ठेवायचे, वाट बघायची, कानाशी हलवून आत पाणी वाजलं की मग घालायचे. डीपीटीला, म्हणजे घटसर्प, डांग्या खोकला आणि धनुर्वात यांच्या लसीला, 2 ते 8 अंश लागतात, गोठलेली चालत नाही. मला हे माहीत होतं. पण गाडी सुटत होती. सिपना ओलांडून, दोन तास चालून वस्तीवर पोचले तेव्हा ऊन 45 अंशांचं. 19 आया पोरं घेऊन झाडाखाली बसलेल्या. डबा उघडला तर बाटल्यांत बर्फाचे खडे. बाहेर दगड तापले होते आणि माझी लस थंडीने मेली होती. गावचा म्हातारा पटेल म्हणाला, बाई, थंड आहे तर बरंच आहे की. त्याला काय सांगू? बाटली विरघळली की दिसायला पहिल्यासारखीच दिसते. जोरात हलवून ठेवली की मग कळतं, गोठलेल्या बाटलीतला गाळ भराभर तळाला बसतो. 19 आया परत पाठवल्या. पुढच्या महिन्यात त्यातल्या 11 आल्या.

पोरं गप्प झाली. मग एकाने विचारलं, बाकीच्या आठ? तेवढ्यात लाईन आली.

बाल्टो वर येतो. कसा येतो ते सांगत नाही, पण एक पांढरा लांडगा येतो, आणि बाल्टो जे आजवर लपवत होता त्याचीच त्याला लाज वाटेनाशी होते. हंसाने आधी म्हटलेलं असतं की एकट्या कुत्र्याला हे जमायचं नाही, पण लांडग्याला जमेल कदाचित. त्या ठिकाणी सगळी पोरं डोकं वर करून ओरडली, लांडग्यासारखी, आणि बाहेर खरी कुत्री उत्तर द्यायला लागली. शेवटी नोममध्ये जेना टेकडीवर कंदील आणि तुटक्या काचा मांडून आकाशात रंग दाखवते, त्या खुणेवर गाडी गावात येते. मी रडले. नातीने लाईट लावला तेव्हा पदर डोळ्याला होता, म्हणून नाकारून उपयोग नाही.

आता माझी तक्रार.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून आल्यावर नातीला म्हटलं, ही गोष्ट खरी कितपत आहे ते शोध. तिने दोन दिवस शोधलं आणि मला वाचून दाखवलं. त्यानंतर माझा चित्रपटावरचा राग वाढला आणि मायाही वाढली, दोन्ही.

घटना खरी आहे. जानेवारी 1925. नोममध्ये एकच डॉक्टर, कर्टिस वेल्च. प्रतिविष अँकरेजहून रेल्वेने नेनानापर्यंत आलं. तिथून नोम 674 मैल, म्हणजे 1,085 किलोमीटर. आमचा समृद्धी महामार्ग 701 किलोमीटरचा, त्याच्या दीडपटीहून थोडं जास्त, आणि तेही बर्फावरून, उणे चाळीस अंशांत. एरवी टपालाला तिथे 25 दिवस लागत. हे साडेपाच दिवसांत पोचलं, 2 फेब्रुवारीच्या पहाटे. कसं पोचलं? वीस गाडीवान आणि दीडशेच्या आसपास कुत्री. एकाने न्यायचं, पुढच्या थांब्यावर दुसऱ्याच्या हाती द्यायचं, गरम करायचं, पुन्हा निघायचं. त्या गाडीवानांत बरेच जण तिथले मूळ रहिवासी, पिढ्यान्पिढ्या त्या नद्यांवरून जाणारे. चित्रपटात गाडीवान एक, तोही बेशुद्ध. थांबे नाहीत. हातातून हातात देणं नाही. मूळ रहिवासी तर औषधालाही नाहीत.

सगळ्यात अवघड आणि सगळ्यात लांबचा टप्पा लिओनार्ड सेपालाने काढला. त्याच्या गाडीच्या पुढे टोगो होता, 12 वर्षांचा, म्हणजे कुत्र्यांत आजोबाच. औषध आणायला जाताना आणि घेऊन परतताना मिळून सुमारे 420 किलोमीटर, त्यात गोठलेल्या समुद्राच्या खाडीवरून, जिथला बर्फ कधीही फुटून वाहून जातो. बाल्टोचा टप्पा शेवटचा, गुन्नार कासेनच्या गाडीला, नव्वदच्या आत. आणि गावात शिरलं ते बाल्टो. फोटो बाल्टोचा, पुतळा बाल्टोचा. न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये त्याच वर्षी डिसेंबरात पुतळा बसला, आणि कुत्रं स्वतः तिथे हजर होतं. चित्रपट सुरू होतो तो याच पुतळ्यापाशी, खऱ्या माणसांनी. एक आजी नातीला पुतळा दाखवायला आलेली असते. गंमत म्हणजे पुतळ्याखालच्या मजकुरात बाल्टोचं एकट्याचं कौतुक नाहीच. औषध एकाकडून दुसऱ्याकडे देत नेणाऱ्या सगळ्या गाडीच्या कुत्र्यांना तो अर्पण केला आहे. पुतळा घडवणाऱ्यांना हे समजलं होतं. 70 वर्षांनी चित्रपट काढणाऱ्यांनी पुतळ्याखाली उभं राहून फक्त वरचं कुत्रं बघितलं.

आणि लांडगा? लांडगा बिंडगा काही नव्हता. 2023 मध्ये शास्त्रज्ञांनी त्याच्या जपून ठेवलेल्या कातडीतून डीएनए काढून तपासला, लांडग्याचा काही मागमूस मिळाला नाही. साधं गाडी ओढणारं कुत्रं. सेपालाच्या कुत्र्यांतलंच, आणि मालकाच्या मते पहिल्या रांगेतलंही नव्हे. मला विचाराल तर ही मूळ गोष्ट जास्त चांगली आहे. दुय्यम समजलेल्या कुत्र्याला वादळी रात्री पुढे जुंपलं आणि त्याने वाट सोडली नाही. त्याला अर्धा लांडगा करायची गरज कोणाला पडली? आमच्याकडेही असंच. पोरगं हुशार निघालं की लोक विचारतात, नात्यात कोणी मास्तर होते का.

कासेनच्या टप्प्यातला एक प्रसंग तर चित्रपटवाल्यांनी टाकून दिला, आणि तो मी त्यांना कधीच माफ करणार नाही. वाऱ्याने गाडी उलटली आणि औषधाचं नळकांडं बर्फात पडलं. अंधार, डोळ्यासमोरचा हात दिसत नाही. त्या माणसाने हातमोजे काढले आणि उघड्या हातांनी बर्फ चाचपत ते शोधलं. हातांना हिमदंश झाला. कडा नको, पांढरा लांडगा नको, हिमस्खलन नको. दोन उघडे हात बर्फात काहीतरी शोधताहेत, एवढंच दाखवलं असतं तरी सतरा पोरांनी श्वास रोखला असता.

हा राग मला काऊन येतो, तेही कबूल करते. एका वर्षी तालुक्याच्या एका कार्यक्रमात माझा सत्कार झाला. शाल, श्रीफळ, दुर्गम भागात केलेलं कार्य वगैरे. फोटो पेपरात आला. माझ्या केंद्राचे फार्मासिस्ट भाऊ, ज्यांनी रोज सकाळ-संध्याकाळ, रविवारी आणि दिवाळीलाही लसीच्या फ्रिजचं तापमान वहीत लिहिलं, लाईन गेली की रात्री उठून आले, ते त्याच कार्यक्रमात मागच्या बाजूला खुर्च्या लावत होते. आणि पावसाळ्यात नाला चढला की माझा डबा डोक्यावर घेऊन पलीकडे नेणारा कोरकू पोरगा, ज्याच्या खांद्याला धरून मी पाणी ओलांडायची, तो तर कार्यक्रमालाच नव्हता. त्याला एका फेरीचे किती मिळत ते इथे लिहायला लाज वाटते. अमरावतीहून निघालेली बाटली किती हातांतून यायची. शेवटचे हात माझे, म्हणून आभार माझे. मी शाल घेतली. नाही म्हणाले नाही. अजून कपाटात आहे.

तेव्हा बाल्टोवर माझा राग नाही. त्याने काय मागितलं होतं?

सोबत करणाऱ्या कुत्र्याबद्दलही सांगून टाकते, कारण हे वाचून कोणीतरी विचारेलच. उपकेंद्राच्या गावात डांबऱ्या नावाचं काळं कुत्रं होतं. सहा वर्षं माझ्या मागे मागे फिरलं, अर्ध्या भाकरीच्या बोलीवर. त्याने मला कधीही कशातूनही वाचवलं नाही. वानरांवर भुंकायचं. बिबट्याचा वास आला की पहिलं तेच घरी पळायचं, आणि मी पोचेपर्यंत ओट्यावर झोपलेलं असायचं. एका अर्थी उपयोगीच. ते दिसेनासं झालं की मी काठी घट्ट धरायची.

बाल्टोचं पुढे काय झालं ते चित्रपट सांगत नाही. पुतळा झाल्यावर दोन वर्षांत तो आणि त्याचे सोबती लॉस एंजेलिसला एका खेळवाल्याकडे होते, पैसे घेऊन दाखवायला ठेवलेले, अंगाने वाळलेले. 1927 मध्ये क्लीव्हलंडच्या जॉर्ज किंबल नावाच्या व्यापाऱ्याने ते पाहिलं. गावाने वर्गणी काढली, शाळेतल्या पोरांनीही नाणी दिली, आणि बाल्टो आणि आणखी सहा कुत्री क्लीव्हलंडच्या प्राणिसंग्रहालयात आली. 1933 मध्ये तो मेला. आता तिथल्या संग्रहालयात पेंढा भरून उभा आहे. मूळचा काळा, आता उडून तपकिरी झालाय म्हणतात. नातीने हे वाचून दाखवल्यावर मनगटाला पट्टी बांधलेला धाकटा उठला आणि दारातल्या पिवळ्या कुत्रीला त्याच्या वाटणीची पोळी देऊन आला. कुत्रीने पोळी घेतली, त्याला मात्र जवळ येऊ दिलं नाही.

पाहायचा का? पाहा. सहा वर्षांवरच्या पोरांना दाखवा, त्याहून लहान असेल तर अस्वलाच्या वेळी मांडीवर घ्या. इंग्रजी येत नसेल तर घरातली वाचाळ नात शोधा. नंतर दोन चित्रपट याच नावाचे आणखी निघाले म्हणे, ते मी पाहिलेले नाहीत आणि पाहणारही नाही. नात म्हणाली, आजी, किती स्टार देशील? मी म्हटलं, आमच्या डब्यात आईसपॅक चार असतात. तीन दिले. चौथा टोगोचा.

परवा फार्मासिस्ट भाऊंना फोन केला. निवृत्त होऊन वर्धेला असतात, लेकीकडे. सगळी गोष्ट सांगितली, बाल्टो, टोगो, वीस गाडीवान, उणे चाळीस. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं.

‘‘सिस्टर, उणे चाळीस म्हणता, मग औषध पोचलं तेव्हा गोठलेलं असेल?’’

‘‘गोठलेलंच होतं. दगड. दुपारपर्यंत विरघळवलं आणि दिलं.’’

‘‘तसंच दिलं?’’

‘‘तसंच. आणि लागू पडलं. ते प्रतिविष होतं भाऊ, आपली डीपीटी नव्हे.’’

फोनवर बराच वेळ काही नाही. मग म्हणाले, ‘‘ते ठीक आहे. पण वीस जणांच्या हातातून गेलं म्हणता. तापमान कोणी लिहून ठेवलं का?’’